एका टक्क्याची वजाबाकी

इंदूरच्या गीता भवन चौकाच्या बाजूला एमआरआय करून साठीतला मधुमेही माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या रिपोर्टात अनेकदा एक ओळ असते: ‘पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटरमध्ये क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक बदल, फॅझेकास ग्रेड १.’ रिक्षा लोकमान्यनगरला पोहोचेपर्यंत तिचा फोटो पुण्याच्या मेहुण्याकडे आणि अमेरिकेतल्या भाच्याकडे गेलेला असतो. म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागात, बारीक धमन्यांतून रक्त कमी पडल्याने झालेले जुने बदल. ‘इस्केमिक’, म्हणजे रक्त कमी पडल्याने झालेलं, या शब्दाशी सगळे अडतात. ‘ताजा इन्फार्क्ट नाही’, म्हणजे रक्त तुटून नुकताच मेलेला भाग नाही, ही खालची ओळ वाचायची राहून जाते.

फॅझेकास ही १९८७ साली मांडलेली साधी श्रेणी आहे, ० ते ३. मेंदूतल्या पांढऱ्या भागात सुटे ठिपके दिसले तर १, ठिपके एकमेकांना मिळू लागले तर २, आणि मोठे सलग पट्टे झाले तर ३. साठीनंतर १ ही श्रेणी शुगर नसलेल्यांतही सर्रास सापडते. खरी चौकशी २ पासून पुढे. मधुमेहात आणखी दोन गोष्टी शोधतात. एक लॅक्यून, म्हणजे बारीक धमनी बंद पडून झालेला ३ ते १५ मिलिमीटरचा पोकळ खड्डा. दुसरी, मेंदूचं आणि त्यातही हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाचं, घटलेलं आकारमान.

हे डाग पांढऱ्या भागातच का पडतात, हे इंदूरकराला नळाच्या उदाहरणाने चटकन कळेल. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून आणतात आणि लाइनीच्या शेवटच्या घरात धार बारीक होते. मेंदूच्या पृष्ठभागावरून आत शिरणाऱ्या धमन्या अशाच लांब, बारीक आणि एकट्या असतात. त्यांना दुसरी जोडलाइन जवळजवळ नसते. मधुमेहात या नळ्यांच्या भिंतीचं अस्तर जाड होतं, केशवाहिन्यांना धरून असलेल्या पेरिसाइट पेशी कमी होतात, आणि नळी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू पुरेसा तयार होत नाही. मागणी वाढली तरी तोटी पूर्ण उघडत नाही, आणि वर्षानुवर्षं अर्धवट पाण्यावर राहिलेल्या ऊतीचा शेवटी डाग होतो.

हा डाग टिपायला एमआरआयमध्ये फ्लेअर नावाचा क्रम, म्हणजे चित्र घेण्याची एक ठरावीक रीत, वापरतात. टी-टू या नेहमीच्या प्रकारच्या चित्रात मेंदूतलं पाणी पांढरं दिसतं आणि डागही पांढराच, त्यामुळे पाण्याच्या पोकळीच्या कडेचे डाग बुडून जातात. फ्लेअरमध्ये आधी एक स्पंद देऊन पाण्याचं चुंबकत्व उलटं करतात आणि ते शून्यावरून जात असतानाच, म्हणजे सव्वादोन ते अडीच सेकंदांनी, चित्र घेतात. पाणी काळं पडतं, डाग पांढरा राहतो. जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके मात्र फ्लेअरला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी लोहाला संवेदनशील असा एसडब्ल्यूआय क्रम लागतो. पैसे वाचवायला घेतलेल्या ‘लिमिटेड ब्रेन’ स्कॅनमध्ये नेमका तोच गाळलेला असू शकतो, म्हणून पावती करण्यापूर्वी विचारून घ्यावं.

पण डाग ही फार उशिराची खूण आहे. त्याआधी कित्येक वर्षं रक्तप्रवाहात फरक पडत असतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के आणि विश्रांतीतही ऊर्जेचा खर्च सुमारे २० टक्के, तेव्हा पुरवठ्यातली थोडी कसरही इथे जाणवते. हा प्रवाह सुईशिवाय मोजण्याची युक्ती १९९२ साली आली. तिला आर्टिरियल स्पिन लेबलिंग म्हणतात, बोलताना एएसएल.

मानेतून मेंदूकडे चढणाऱ्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व रेडिओलहरींनी उलटं करतात, म्हणजे रक्तावर खूण करतात. ही खूण करणं १.८ सेकंद चालतं. मग साधारण तेवढंच थांबतात, रक्त ऊतीत पोहोचू देतात आणि चित्र घेतात. नंतर खूण न करता दुसरं चित्र, आणि दोन्हींची वजाबाकी. उरतं ते फक्त नव्याने आलेलं रक्त.

आता हिशोब बघा. मेंदूच्या करड्या भागाला, म्हणजे पेशींच्या थराला, दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ६० मिलिलिटर रक्त मिळतं, म्हणजे सेकंदाला १ मिलिलिटर. खूण करण्याच्या १.८ सेकंदांत १०० ग्रॅम ऊतीच्या वाट्याला दोन मिलिलिटरही येत नाही. वर खूण विरतही असते. तीन टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) तिचा कालस्थिरांक, म्हणजे विरण्याचा वेग सांगणारा आकडा, सुमारे १.६५ सेकंद आहे, त्यामुळे थांबण्याच्या काळातच तिचा एक तृतीयांश भाग तेवढा उरतो. दोन चित्रांतला फरक भरतो एक टक्क्याहूनही कमी. म्हणून अशा तीस-चाळीस जोड्या घेऊन सरासरी काढतात आणि चार-पाच मिनिटं डोकं हलवू देत नाहीत. डोकं दोन मिलिमीटर सरकलं तर कवटीच्या कडेला जो खोटा कडा उमटतो, तो या एक टक्क्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

सकाळचा चहा आडवा येतो तो इथे. कॅफिन मेंदूच्या धमन्या आवळतं. २०० ते २५० मिलिग्रॅमने प्रवाह २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. कपभर चहात कॅफिन त्याच्या काही अंशानेच असतं हे खरं, पण पहाटे उठल्यावर एक, फिरून आल्यावर एक आणि स्कॅन सेंटरच्या बाहेरच्या टपरीवर दोन ‘कट’ असा ज्याचा नेम, त्याचा हिशोब बराच होतो. उलट बाजूही आहे. रोज पिणाऱ्याने एक दिवस एकदम बंद केला तर धमन्या सैलावतात आणि प्रवाह नेहमीपेक्षा वर जातो. त्यामुळे ‘चहा पिऊ नका’ एवढी सूचना अपुरी ठरते. शेवटचा चहा किती वाजता घेतला ते फॉर्मवर लिहावं आणि पुढच्या वेळच्या स्कॅनलाही तीच शिस्त ठेवावी. इतकं साधं टिपण बहुतेक फॉर्मांत नसतंच!

रक्तक्षयही असाच फसवतो. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा मेंदू ऑक्सिजनची भरपाई करायला प्रवाह वाढवतो. मधुमेहाने कमी केलेला आणि रक्तक्षयाने वाढवलेला असे दोन आकडे एकमेकांना खाऊन नकाशा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. हिमोग्लोबिनचा ताजा आकडा हाताशी नसेल तर एएसएलचा नकाशा अर्धाच वाचता येतो.

तिसरी फसगत वेळेची. वयस्क मधुमेहीच्या मानेतल्या धमन्या कडक, वाकड्या किंवा अरुंद झाल्या असतील तर खूण केलेलं रक्त उशिरा पोहोचतं. चित्र घेताना ते अजून मोठ्या नळ्यांतच असतं, त्यामुळे धमन्या चमकतात आणि पलीकडची ऊती काळी पडते. रक्त कमी नाही, उशिरा आहे. वृद्धांत आणि रुग्णांत थांबण्याचा काळ २ सेकंद ठेवण्याची शिफारस त्यासाठीच आहे. शंका असेल तर वेगवेगळ्या विलंबांनी चित्रं घेतात. दातांतली धातूची पट्टी मानेजवळचं चुंबकीय क्षेत्र बिघडवते आणि खूणच नीट बसत नाही, हे आणखी एक.

आणि मेंदू आक्रसला असेल तर? एएसएलच्या चित्रातला सर्वांत लहान ठोकळा तीन-चार मिलिमीटरचा, मेंदूच्या बाहेरच्या थराची, बाह्यकाची, जाडी दोन ते चार मिलिमीटर. आक्रसलेल्या मेंदूत त्याच ठोकळ्यात पाणी मिसळतं आणि प्रवाह आहे त्याहून कमी भासतो. मधुमेहात प्रवाह घटतो असं दाखवणाऱ्या काही अभ्यासांत आकारमानाची दुरुस्ती केल्यावर फरक बराचसा विरला, तो यामुळे. ‘शुगरने मेंदूचं रक्त कमी होतं’ असं सरसकट लिहिलं जातं, ते घाईचं आहे.

विश्रांतीतला प्रवाह ठीक असूनही गरजेच्या वेळी तो वाढतो का, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त यंत्रावर मिळतं. ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये कानशिलावर २ मेगाहर्ट्झचा प्रोब ठेवून साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर खोलीवरच्या मधल्या मेंदूधमनीतला वेग मोजतात. समजा तो सेकंदाला ५५ सेंटिमीटर भरला. मग रुग्णाने ३० सेकंद श्वास रोखायचा. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, निरोगी नळ्या सैलावतात आणि वेग ७४ पर्यंत चढतो. वाढ सुमारे ३५ टक्के, भागिले ३० सेकंद, म्हणजे निर्देशांक १.१५ च्या आसपास. तोच वेग ६३ वर अडला तर निर्देशांक ०.४८. ०.६९ च्या खाली तो कमजोर मानतात. चूक होते ती श्वास घेण्यात. ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर माणूस छाती भरून घेतो आणि जोर लावतो. छातीतला दाब वाढून वेग उलट पडतो आणि चांगली धमनीही वाईट ठरते. नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि तिथेच थांबायचं. काहींचं, विशेषतः वयस्क बायकांचं, कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की ध्वनी आतच जात नाही. त्यात टेक्निशियनचा दोष नाही.

मधुमेहाच्या जोडीने येणाऱ्या लठ्ठपणाकडे वळताना वजनकाटा थोडा बाजूला ठेवावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३ आणि क्ष-किरणी डेक्सा मोजणीत चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही धोक्याची रेघ धरतात ती या प्रकारच्या पुराव्यावर. एमआरआयमध्ये डिक्सन पद्धतीने पाणी आणि चरबी वेगळी करता येतात. दोन्हींतल्या हायड्रोजनची लय किंचित वेगळी असते. दीड टेस्लावर दोघं २.३ मिलिसेकंदाला विरुद्ध आणि ४.६ ला एकाच तालावर येतात. त्या दोन क्षणांच्या चित्रांची बेरीज आणि वजाबाकी केली की पाणी आणि चरबी सुटी होतात. यकृतात चरबी ५ टक्क्यांवर गेली तर फॅटी लिव्हर.

लठ्ठ माणसाच्या मेंदूचं चित्र घेताना अडचण डोक्याची नसते, खांद्यांची असते. ६० सेंटिमीटरच्या बोगद्यात खांदे अडले की डोकं कॉइलच्या, म्हणजे डोक्याभोवती बसवलेल्या संदेश टिपणाऱ्या पिंजऱ्याच्या, मध्यावर येत नाही. ७० सेंटिमीटरचं मशीन कुठे आहे आणि टेबल किती किलो पेलतं हे फोनवरच विचारावं. वजन अंदाजाने सांगू नये, कारण रेडिओलहरींच्या उष्णतेची मर्यादा मशीन त्याच आकड्यावरून काढतं. आणखी एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. घोरणारा माणूस उताणा पडल्यावर डुलकी लागून श्वास अडखळतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि त्याच्या दर मिलिमीटर पाऱ्यामागे मेंदूचा प्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. अशा डुलकीत घेतलेला एएसएल नकाशा त्या डुलकीचाच असतो.

स्कॅनच्या दिवसाची शुगर हा वेगळाच विषय. पोटाच्या सोनोग्राफीमुळे ‘उपाशी या’ हे सांगणाऱ्याच्या तोंडात बसलं आहे. पण इंजेक्शन न देता होणाऱ्या मेंदूच्या एमआरआयला उपास लागत नाही. संकष्टी आहे, शुगर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आहे, नंबर सातचा होता तो दहाला लागला, आणि बोगद्यात घाम आणि थरथर सुरू झाली. बाहेरच्यांना वाटतं बंद जागेची भीती. मदत बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबावा, बाहेर येऊन बोटातून रक्त तपासावं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. ग्लुकोमीटर चुंबकाच्या खोलीत न्यायचा नाही. इन्शुलिन पंपही दाराबाहेर. दंडावर चिकटवलेला सेन्सर काढावा लागेल का ते त्याच्या कंपनीच्या सूचनेत बघावं आणि शक्य असेल तर तो बदलायच्या दिवसाचीच वेळ घ्यावी, म्हणजे फुकट जात नाही.

शुगर फार उतरली किंवा चढली तर ती चित्रातही उतरते. फार खाली गेल्यावर एक हात लुळा पडू शकतो आणि डिफ्यूजन नावाच्या, ताजा पक्षाघात टिपणाऱ्या चित्रात पक्षाघातासारखी चमक दिसते. साखर दिल्यावर दोन्ही मागे फिरू शकतात, म्हणून पक्षाघाताच्या संशयात रक्तातली साखर चित्राच्या आधी बघतात. उलट, अनियंत्रित चढलेल्या शुगरमध्ये वयस्क बायकांत एका बाजूचे हातपाय आपोआप नाचू लागतात. विरुद्ध बाजूचा स्ट्रायाटम, म्हणजे हालचाली सांभाळणारा मेंदूतला खोल भाग, सीटीत दाट आणि टी-वन एमआरआयमध्ये पांढरा दिसतो. तो रक्तस्राव समजला जाण्याची शक्यता असते, पण शुगर ताब्यात आली की हालचाली सहसा थांबतात. चित्रातली खूण मात्र जायला महिने लागतात.

किरणोत्सारी साखर टोचून करायच्या पेट (PET) स्कॅनला मात्र चार ते सहा तास उपाशी राहावंच लागतं, कारण ती टोचलेली साखर आणि रक्तातली साखर एकाच दारातून आत जायला झगडतात. शुगर २०० च्या वर असेल तर बहुधा दुसरी तारीख देतात. सीटीला आयोडीनचं इंजेक्शन असेल आणि किडनीची गाळण्याची क्षमता सांगणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी त्या दिवसापासून ४८ तास थांबवून, किडनीची तपासणी असलेलं क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करतात.

जाताना फाइलमध्ये हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) तारखेसह असावेत, आणि जुन्या स्कॅनची सीडी. रिपोर्टाचा कागद पुरत नाही. दीड टेस्लावर न दिसलेला ठिपका तीन टेस्लावर दिसला, तर तो नवा की नुसता स्पष्ट झालेला, हे दोन्ही चित्रं शेजारी लावल्याशिवाय रेडिओलॉजिस्टला सांगता येत नाही.