कापलेली गादी परत येते का?

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत, गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: गादीचा तुकडा काढला, तो पुन्हा भरून येईल ना? त्यासाठी कुणी तेल सुचवतं, कुणी पावडर. या दोन्हींनी गादी उगवत नाही.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात अर्धचंद्राकृती दोन गाद्या असतात. त्यांना डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा निम्मा भार त्या पेलतात, तर गुडघा काटकोनात वाकला की ८५ टक्क्यांपर्यंत. मांडी घालून दिवसभर विड्या वळणारी बाई उठायला लागते, तेव्हा हा सगळा ताण गादीवर येतो.

गादीतले मुख्य तंतू तिच्या कडेने गोलाकार जातात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते, तसे ते गादीला बाहेर पसरू देत नाहीत. म्हणून गादी किती उरली याइतकंच तंतूंचं हे कडं अखंड राहिलं का, हेही महत्त्वाचं.

जन्मतः पूर्ण गादीत रक्तवाहिन्या असतात. वय वाढतं तशा त्या मागे हटतात आणि मोठ्या माणसात बाहेरच्या १० ते ३० टक्के भागापुरत्या उरतात. शस्त्रवैद्य किंग यांनी १९३६ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली, म्हणजे रक्त मिळणारी फाट जुळते, आतली जुळत नाही. तरीही पुढे कित्येक दशकं शस्त्रवैद्य अख्खी गादी काढत राहिले. १८९७ मध्ये ब्रिटिश शस्त्रवैद्य ब्लँड-सटन यांनी तिला स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरवलं होतं, तो समज फार खोल रुजला होता. गादी काढलेल्या गुडघ्यांत हाडं कशी बदलतात, हे ब्रिटिश शस्त्रवैद्य फेअरबँक यांनी १९४८ मध्ये एक्स-रेवर दाखवलं.

गादी काढल्यावर काहीच वाढत नाही, असंही नाही. सांध्याच्या आवरणाकडून कधीकधी नवी कड येते. पण ती अरुंद आणि पातळ असते, आणि मूळ तंतूंची घट्ट मांडणी तिच्यात नसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५५ रुग्ण होते. मूलपेशींचं (ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात अशा पेशींचं) इंजेक्शन दिलेल्या एका गटात २४ टक्के जणांच्या गादीचं आकारमान वर्षभरात १५ टक्क्यांहून जास्त वाढलेलं एमआरआयवर दिसलं. आशा वाटावी असंच हे आहे, पण वाढलेला भाग मूळ गादीसारखा भार पेलतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून ऑपरेशनआधीच विचारावं: फाट कुठे आहे, टाके घालता येतील का? वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीला बहुतेकदा आधी व्यायामच द्यावा लागतो. ताज्या, बाहेरच्या फाटेला मात्र टाके घालण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा. टाके घातल्यावर काही महिने मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद असतं. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईला तेवढे दिवस परवडत नाहीत, आणि तुकडा कापून लवकर कामाला लागणं तिला सोयीचं वाटतं. तिला खुर्चीवर बसून विड्या वळता येतील अशी उंच टेबलाची सोय कारखान्याने केली, तर टाक्यांचा पर्याय तिलाही निवडता येईल.