ब्रेकच्या कामात बोल्ट जाम निघाला तर आम्ही काय करतो

हातखंब्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या बऱ्याच मासळीच्या गाड्या आमच्याकडे ब्रेकला येतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) बदलायला दिवस कशाला लागतो. लायनरला वेळ लागतच नाही हो, वेळ जातो बोल्ट काढण्यात. बर्फाचं खारं पाणी ट्रिपभर एक्सलवर गळत असतं, वरून चार महिने कोकणातला पाऊस, मग आट्यांमध्ये गंज भरतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा फुगून जास्त जागा घेतो, म्हणून नट नुसता घट्ट न राहता आतून चेपून धरल्यासारखा होतो.

असा नट पान्याला पाईप लावून वर उभं राहून काढायचा नाही, हे आमच्याकडे पक्कं ठरलेलं आहे. आमच्याच हातून एकदा ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, बोल्ट असा तुटला, गाडी रात्री निघायची म्हणून घाई केली आणि ब्रॅकेट उतरवून तो तुकडा काढण्यात दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. सुटणारा नट "कट्" असा आवाज देतो. तुटायला आलेला बोल्ट मात्र आवाज न करता हाताला रबरासारखा मऊ लागतो, तसं लागलं की तिथल्या तिथे थांबायचं.

आमची पद्धत अशी, आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, गंजावरचं तेल मारायचं, नटाच्या बाजूंवर हातोडीने बारीक ठोके द्यायचे म्हणजे हादऱ्याने गंज फुटतो आणि तेल आत उतरतं, मग अर्धा तास हात लावायचा नाही, जास्तच जाम असेल तर रात्रभर तसंच ठेवतो. पाना सहा कोनी गोटीचाच (गोटी म्हणजे नटावर बसणारं तोंड), बारा कोनीने डोकं गोल होतं. आणि सोडायच्या आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, परत आवळायचा, असं मागेपुढे करत आणायचा. जुन्या काही गाड्यांना डाव्या चाकांना उलटे आटे असतात, ते न बघता जोर लावला तर आपण नट आवळतच बसतो. तेल लायनरवर उडता कामा नये, तेल प्यालेला लायनर पकडत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते, घाटात ते फार वाईट. असा लायनर दिसला तर आम्ही त्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे बदलायला सांगतो.

"गॅस मारा ना लगेच," असं बरेच ड्रायव्हर दादा म्हणतात. गॅस, म्हणजे गॅसच्या ज्योतीने तापवणं, आम्ही मारतो पण सगळ्यात शेवटी, आणि बोल्टावर नाही तर नटावर, कारण नट तापून फुगला की आट्यात जागा होते. हबजवळ मारला तर ग्रीस वितळतं, ऑइल सील जळतं, हवेचे नायलॉन पाईप तर लगेच जातात. टायर हवेसकट रिमवर असताना चाकाला गॅस आम्ही लावणार नाही, तुम्ही कितीही घाई करा, आतलं रबर तापून टायर फुटतो आणि माणूस जातो. तापवलेला नटबोल्ट परत बसवत नाही, त्याचा कडकपणा गेलेला असतो, म्हणून बिलात नवे बोल्ट दिसतात. बोल्टाच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा १०.९ असेल तर नवाही १०.९ चाच.

मागच्या चाकांच्या डबल चेंबरबद्दल कळकळीने सांगतो, त्याच्या आत दाबून ठेवलेली पार्किंगची स्प्रिंग असते, जोर टनभर. तिला आत धरून ठेवणाऱ्या चेंबरच्या पट्टीचा बोल्ट गंजला म्हणून कुणी रस्त्यात छिन्नीने तोडत असेल तर त्याला थांबवा. आम्ही ती स्प्रिंग लांब बोल्टने बांधून घेतो आणि अख्खा चेंबरच बदलतो.

नवे बोल्ट टाकताना चेंबरच्या आट्यांना कॉपर पेस्ट लावतो, पुढच्या वेळी सुखाने निघतात. चाकाच्या नटाच्या बसायच्या तोंडाला मात्र ग्रीस लावू देऊ नका. चाक उघडलं असेल तर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट परत टाईट करून घ्या, मलकापूरला चहाला थांबता तेव्हा टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा) असलेल्या कुणाकडूनही घ्या.

मासळी उतरवली की एक्सल आणि ड्रमची मागची बाजू गोड्या पाण्याने धुवा, त्याने अर्धं काम होतं. आणि शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, आम्ही तेल मारून ठेवतो, सकाळी बोल्ट नीट निघतात. काढलेले जुने बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवतो, शेठना दाखवायला.