संघातल्या मुलांना ‘मैदान’ दाखवावा की ‘झुंड’?

पावसानं सराव बुडाला, मुलं क्लबच्या खोलीत कोंडली गेली की कुणीतरी म्हणतंच, “चला, फुटबॉलचा एखादा पिक्चर लावू.” मग नावं पुढे येतात ‘झुंड’ आणि ‘मैदान’. दोन्ही हिंदी, दोन्ही तीन तासांच्या आसपास, दोन्हींमध्ये खऱ्या प्रशिक्षकावर बेतलेला नायक आणि त्या भूमिकेत मोठा नट. त्यामुळे बऱ्याच पालकांच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालेली असते. “नागपूरच्या सरांचा तो ना, ज्यात आपण सुवर्णपदक जिंकतो?” असा प्रश्न येतो. नागपूरचा तो ‘झुंड’, सुवर्णपदकाचा ‘मैदान’. पण खरा फरक गावाचा किंवा पदकाचा नाही. मुलांवर या दोन चित्रपटांचा होणारा परिणामच वेगळा आहे.

‘मैदान’ (२०२४, दिग्दर्शक अमित शर्मा) आहे हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचा. रहीम मुळात शिक्षक. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवत होते, शिवाय भारतीय संघाचे प्रशिक्षकही होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. चारच वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवताना मुंबईकर नेव्हिल डिसोझांनी हॅटट्रिक केली. आणि मग १९६२ चं जकार्ता, म्हणजे आशियाई स्पर्धा. ऑलिंपिक नव्हे, मुलांना हे आधीच सांगून टाकावं.

जकार्ताची हकिगत चित्रपटाशिवायही अंगावर काटा आणते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० अशी हार. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैल सिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. पुढे रहीम यांनी त्याच जर्नैलना बचावातून काढून थेट आक्रमणात उभं केलं. अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा कोरियाशीच. स्पर्धेतून इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारतीय अधिकाऱ्यानं आवाज उठवला होता, म्हणून सगळं स्टेडियम आपल्या विरोधात. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठून उभे राहिलेले, मधल्या फळीत गोव्याच्या कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्या मिनिटाला जर्नैल यांचा. २-१. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीम कर्करोगानं गेले.

म्हणजे ‘मैदान’ हा निवडीचा आणि तयारीचा चित्रपट आहे. तुळसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातले. रहीम यांनी त्यांना हेरलं ते त्यांच्या पायातल्या खेळामुळे. देशातले सर्वोत्तम अकरा जण निवडायचे आणि त्यांना एका विचारानं खेळायला शिकवायचं, हे त्यांचं काम. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवत, चेंडू अडवून न ठेवता चटकन पास देण्याची सवय लागावी म्हणून. आपल्या कोणत्याही बारा-तेरा वर्षांच्या ‘एकटाच पळणाऱ्या’ स्ट्रायकरला आजही हा उपाय लागू पडेल.

‘झुंड’ (२०२२, नागराज मंजुळे) मध्ये निवड हा प्रश्नच सुरुवातीला नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात वस्तीतल्या पोरांना काहीतरी लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ हे काम उभं राहिलं. चित्रपटात ते विजय बोराडे होतात. ‘मैदान’मध्ये खेळाडू खऱ्या नावांनी येतात, इथे नावं बदललेली आहेत आणि बरंच काही रचलेलं आहे, तेव्हा ‘झुंड’ला बारसे सरांचं शब्दशः चरित्र समजू नये.

बोराडे पोरांना आधी पैसे देऊन खेळवतात. मग एके दिवशी पैसे देणं थांबवतात. पोरं येतातच. मला वाटतं, प्रशिक्षणावर एवढं खरं दृश्य आपल्या चित्रपटांत फार कमी आहे. इथे कुणी हिरा आहे का, हे सर पाहत नाहीत. चोरी, नशा, मारामारी यांत दिवस घालवणारा पोरगा तेवढा वेळ तरी चेंडूमागे धावतो, एवढंच त्यांना पुरतं. शेवटाकडे या पोरांचा म्होरक्या डॉन, म्हणजे अंकुश, विमानतळावरच्या तपासणीच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा जातो आणि ते पुन्हा पुन्हा वाजतं. खिशातलं हत्यार टाकल्यावरच त्याला पुढे जाता येतं. परदेशातल्या सामन्यांचा थरार चित्रपट दाखवत बसत नाही. ‘तिथवर पोचणं’ हाच इथे सामना आहे. रिंकू राजगुरूच्या मोनिकाच्या वडिलांनी ओळखीच्या कागदांसाठी मारलेले हेलपाटे त्याच सामन्याचा भाग.

आणखी एक गल्लत. ‘झुंड’मधली पोरं ज्यासाठी निघतात तो बेघरांचा विश्वचषक, २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे सुरू झालेला. एका बाजूला चौघंच, छोटं मैदान, सात-सात मिनिटांचे दोन डाव. अकरा जणांच्या खेळाचे डावपेच त्यातून शिकवायला जाऊ नये.

मग कोणता, कधी? सामना तोंडावर असेल, पोरं हरून बसली असतील, तर ‘मैदान’, आणि तोही शेवटचा तासभर. पूर्वार्धात संघटनेतलं राजकारण बरंच आहे, लहान मुलं तिथे कंटाळतात. रहीम सतत सिगारेट ओढताना दिसतात. त्याच माणसाची फुप्फुसं पुढे कशी जातात, तेही मुलांना दाखवाच.

आणि संघात कुणी नवा पोरगा आला असेल, फाटक्या बुटांचा, बाकीचे त्याला पास देत नसतील, तर ‘झुंड’. अर्धामुर्धा नको, पूर्ण. वस्तीतला आणि कॉलेजचा संघ यांच्यातला तो लांबलचक, गमतीदार सामना दहा-अकरा वर्षांची पोरंही टक लावून पाहतात. शिव्या आणि नशेची दृश्यं आहेत, म्हणून त्याहून लहानांना टाळावा. मोठ्यांसोबत मात्र प्रशिक्षकानंही बसावं, कारण ‘मैदान’ खेळाडूला जितकं सांगतो, तितकंच ‘झुंड’ प्रशिक्षकाला सांगतो: सरावाला कोण येत नाही आणि का, हे शोधणंही त्याच्याच कामात मोडतं.