रिझर्व्ह बँकेचा अहवाल कोणापुढे?

विकासोच्या, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या, वार्षिक सभेत अहवालाची पुस्तिका गुंडाळून हातात धरलेला एखादा सभासद हमखास उठतो आणि थकबाकीच्या आकड्यावर बोट ठेवतो. खान्देशाला हे दृश्य नवे नाही. रिझर्व्ह बँकेलाही कधीकाळी असे भागधारक होते. 1 एप्रिल 1935 ला ती सुरू झाली तेव्हा भांडवल 5 कोटींचे, शेअर 100 रुपयांचा. पाच शेअरमागे एक मत आणि शेअर कितीही असले तरी दहाच्या वर मते नाहीत. 1 जानेवारी 1949 ला राष्ट्रीयीकरण झाले. शेअरमागे 118 रुपये 10 आणे देऊन भागधारकांना मोकळे केले आणि उरला एकच मालक, केंद्र सरकार. हिशेब विचारणारा तोच, उसने मागणाराही तोच.

उसनवारीही भारी सोयीची. 1955 पासून सरकारची रोकड ठरलेल्या पातळीखाली गेली की तदर्थ ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारच्या उसनवारीच्या चिठ्ठ्या, आपोआप निघत आणि बँक नवा पैसा काढून ती घेत असे. हा नळ 1997 च्या एप्रिलमध्ये बंद झाला. तोवर महागाईचा जाब एकट्या बँकेला विचारण्यात फारसा अर्थ नव्हता.

जाब कायद्यात आला तो 2016 च्या दुरुस्तीने. महागाईचे लक्ष्य 4 टक्के, दोन्हीकडे 2 टक्क्यांची मोकळीक. व्याजदर सहा जणांची समिती ठरवते, तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. कोणी काय मत दिले ते 14 व्या दिवशी जाहीर होते. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई 6 च्या वर किंवा 2 च्या खाली राहिली तर बँकेने सरकारला अहवाल द्यायचा: कारणे, उपाय, आणि लक्ष्य कधी गाठणार.

ही वेळ 2022 मध्ये आली. जानेवारी ते सप्टेंबर महागाई 6 च्या वर राहिली, 3 नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, अहवाल दिल्लीला गेला. पण छापला नाही. संसदेत विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, तो प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरने 2007 मध्ये असेच पत्र लिहिले, ते त्याच वेळी लोकांनी वाचले. बँकेची एक अडचण मात्र खरी होती: महागाई मोजण्याच्या तेव्हाच्या, 2012 पायाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार 45.86 टक्के. नंदुरबारची मिरची पावसाने भिजली तर रेपो दर, म्हणजे बँकांना उसने देण्याचा व्याजदर, वाढवून ती वाळत नाही. पण हेच कारण लोकांसमोर मांडायला काय हरकत होती?

जाब विचारण्याची दुसरी वाट माहिती अधिकाराची. बँकांचे तपासणी अहवाल 'विश्वासाने मिळालेले' म्हणून दडवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2015 ला ठरवले. तरीही बँकेने माहिती नाकारण्याचे धोरण ठेवले. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयाने ते मागे घ्यायला लावले.

अर्ज करताना आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तो राज्याच्या कार्यालयात चालतो. रिझर्व्ह बँक केंद्राची, तिथे पोस्टल ऑर्डर किंवा डिमांड ड्राफ्ट लागतो. आणि जिल्हा बँकेचा तपासणी अहवाल हवा असेल तर अर्ज नाबार्डकडे करावा. जिल्हा बँकांची तपासणी नाबार्ड करते.