स्वप्नातला पेला उशिरा फुटतो

9 सप्टेंबर 1904. फ्रेडरिक व्हान एडन हे डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ स्वप्नात एका खिडकीजवळ, टेबलापुढे उभे होते. हे स्वप्न आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिथल्या वस्तूंची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दोन दगडांवर काच ठेवून तिसरा दगड हाणला; काच फुटेना. मग वाइनचा नाजूक पेला घेऊन त्यावर सगळा जोर लावून मूठ मारली. जागेपणी असं करणं किती धोक्याचं, हा विचारही तेव्हा डोक्यात होताच. पेला जसाच्या तसा. थोड्या वेळाने पुन्हा नजर टाकली, तर फुटलेला! एंट्री चुकलेल्या नटासारखा जरा उशिरा फुटला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. काचा खिडकीबाहेर फेकल्या तेव्हा खळ्ळकन आवाज आला, आणि त्या आवाजाने दोन कुत्री पळालेलीही दिसली. शेवटी त्यांनी सुरईतली वाइन चाखली. चव अगदी वाइनची.

झोपेत असूनही ‘मी झोपलोय, हे स्वप्न आहे’ अशी जाण ज्यात असते, त्या ल्युसिड ड्रीमबद्दल, म्हणजे सजग स्वप्नाबद्दल, लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो: ते खरंच खऱ्यासारखं लागतं का? आवाज, स्पर्श, चव यांत हे स्वप्न पासच होतं, असं व्हान एडन यांच्या टिपणावरून म्हणावं लागेल. ते नापास झालं ते कार्यकारणाच्या हिशेबात. पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रयोगांनी यात फार मोठी भर घातली असं मला वाटत नाही. त्यांनी पुरावा मात्र दिला.

प्रश्न जुनाच आहे. मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकेत गौडपादांनी जागेपणीच्या वस्तूंची उपयुक्तता स्वप्नात टिकत नाही, असं म्हटलंय. त्यावरच्या शांकरभाष्यातला दाखला तर थेट पोटाचा आहे. पोटभर जेवून, पाणी पिऊन झोपलेला माणूस स्वप्नात भुकेने आणि तहानेने व्याकूळ होतो. तिकडे पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी एका पत्रात गेनाडियस नावाच्या वैद्याची गोष्ट सांगितली. स्वप्नातला तरुण त्याला विचारतो, तुझं शरीर आत्ता कुठेय? बिछान्यात. डोळे? मिटलेले. मग तू मला पाहतोयस ते कशाने? दोन्हीकडे रोख तत्त्वज्ञानाचा किंवा धर्माचा आहे. संवेदना नेमक्या कशा असतात, हे तपासायची गरज तेव्हा कोणाला वाटली नव्हती.

ती वाटली एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. आल्फ्रेड मोरी हे अभ्यासक झोपायचे आणि सोबतचा माणूस त्यांच्यावर प्रयोग करायचा. नाकाशी कोलनवॉटर धरलं, तर ते कैरोतल्या अत्तराच्या दुकानात पोचले. त्याच काळातले एर्वे द सँ-दनी हे चिनी भाषेचे पंडित. तेराव्या वर्षापासून ते स्वप्नांची वही ठेवत होते, आणि 1867 मध्ये त्यांनी स्वप्नं ताब्यात कशी ठेवावीत यावर एक पुस्तक काढलं, तेही नाव न घालता. त्यांचा अत्तराचा प्रयोग बघा. विवारे या डोंगराळ भागात राहायला जाताना त्यांनी एक नवं अत्तर घेतलं, तिथे असेपर्यंत ते रोज वापरलं आणि परतल्यावर बाटली बंद करून टाकली. काही महिन्यांनी नोकराला सांगितलं की, मला न कळवता एखाद्या रात्री उशीवर थेंब टाक. कोणती रात्र हे मुद्दाम ठरवलं नव्हतं, नाहीतर नुसत्या वाट बघण्यानेच तसं स्वप्न पडायचं. थेंब पडले त्या रात्री विवारे स्वप्नात आलं. पुढे चित्रशाळेशी जोडलेलं दुसरं अत्तरही त्यांनी त्यात मिसळलं, तेव्हा विवारेतल्या जेवणाच्या टेबलाशी त्यांचे चित्रकलेचे गुरुजी येऊन उभे राहिले. नोकराचं नाव कुठे नोंदलेलं दिसत नाही. प्रयोगाची निम्मी मेहनत खरं तर त्याची.

फ्रॉइड यांनाही एर्वे यांचं हे पुस्तक मिळालं नाही, तसं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

व्हान एडन यांनी 1898 ते 1912 या काळातली 352 सजग स्वप्नं नोंदवली आणि 1913 मध्ये लंडनच्या एका संस्थेपुढे ती मांडली. पण अडचण तिथेच सुरू होते. उठल्यावर लिहिलेलं टिपण म्हणजे झोपेतला अनुभव, हे कशावरून? 1940 च्या दशकात अमेरिकेत विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं की स्वप्नात रंग क्वचितच दिसतात किंवा दिसतच नाहीत. 1960 च्या दशकात उत्तरं नेमकी उलटली. डोळे तेच, मेंदूही तेच. मधल्या काळात चित्रपट रंगीत झाले होते. असल्या साक्षीवर किती भिस्त ठेवायची? 1959 मध्ये नॉर्मन माल्कम या तत्त्वज्ञांनी तर झोपलेल्या माणसाने ‘मी झोपलोय’ असं म्हणण्यालाच अर्थ नाही, असा युक्तिवाद केला.

उत्तर शरीरानेच दिलं. 1953 मध्ये शिकागोत रेम झोपेचा शोध लागला होता. या झोपेत बहुतेक स्नायू लुळे पडतात, पण डोळे हलत राहतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकांनी हीच फट हेरली. 12 एप्रिल 1975 च्या सकाळी अॅलन वॉर्सली या स्वयंसेवकाने स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. इकडे मेंदूचा आलेख रेम झोपच दाखवत होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज या संशोधकांनी स्वतंत्रपणे तेच करून दाखवलं.

संवेदनांच्या दृष्टीने सगळ्यात नेटका प्रयोग मात्र 2018 चा, तोही लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच. आत्ता डोळे मिटून हवेत हळू फिरणारा स्वतःचा अंगठा कल्पनेत आणा आणि नजरेने त्याचा पाठलाग करा. डोळे सलग फिरत नाहीत, टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. डोळे उघडून खऱ्या अंगठ्याकडे पाहिलं की मात्र ते सरळ सरकत जातात. सजग स्वप्नात माणसांनी हेच केलं, तेव्हा डोळे सरकले, उड्या मारल्या नाहीत. म्हणजे निदान नजरेपुरतं स्वप्न हे मनोराज्यापेक्षा जागेपणीच्या पाहण्याच्या जवळ आहे. ‘फार खरं वाटत होतं’ या वाक्याला इतका भक्कम आधार आधी कधी नव्हता.

तरी पेला उशिरा फुटतोच. 1981 मध्ये हर्न यांनी सजग स्वप्न पाहणाऱ्यांना स्वप्नात दिव्याचं बटण दाबायला सांगितलं होतं. बहुतेकांचा दिवा लागेना. छापील ओळ वाचून नजर हटवावी आणि परत बघावं, तर मजकूर बदललेला असतो; स्वप्न ओळखायची युक्ती म्हणून लाबर्ज हेच शिकवत. वास आणि चव तर मुळातच दुर्मीळ, साध्या स्वप्नांच्या नोंदींत त्यांचा उल्लेख जेमतेम 1 टक्का. त्यांच्यासाठी अंगठ्यासारखी सोपी कसोटीही नाही.

बाहेरचं जग आत शिरतं तेव्हा काय होतं, हेही पाहिलं गेलंय. 1958 मध्ये अमेरिकेत रेम झोपेतल्या माणसांवर पाणी शिंपडलं, तर 42 टक्के वेळा ते कुठल्या ना कुठल्या रूपात स्वप्नात आलं. 2021 मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी सजग स्वप्न पाहणाऱ्यांना झोपेतच सोपी गणितं आणि हो-नाही असे साधे प्रश्न विचारले. 158 प्रयत्नांपैकी 18.4 टक्के वेळा डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालींतून बरोबर उत्तर आलं. बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. काहींना संशोधकाचा आवाज थेट ऐकू आला होता, तर एकाला तो स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून आल्यासारखा वाटला.