तेलात राहिलेल्या पाण्याची जुनी गोष्ट

रोझमेरीची काडी किंवा लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर मांडायची, ही पद्धत पुरातन वाटते. खरं तर ती बरीच अलीकडची आहे. जुने लोक तेलात वनस्पती मुरवायचे, पण असं नव्हे. त्यांच्या कृती वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: वनस्पतीचा गुण तेलात उतरवायचा आणि पाणी मात्र उरू द्यायचं नाही.

वनस्पतींचे बहुतेक सुगंधी घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात सहज उतरतात. आज सुगंध धरून ठेवायला अल्कोहोल वापरतात. पण युरोपात वाइनपासून ते ऊर्ध्वपातनाने वेगळं काढण्याच्या नोंदी 12 व्या शतकापासूनच्या आहेत. त्याआधीची हजारो वर्षं हे काम प्रामुख्याने तेल आणि चरबीनेच केलं. आणि ती चैनही नव्हती. इ.स.पू. 1150 च्या सुमारास तिसऱ्या रामसेसच्या काळात थडगी कोरणाऱ्या इजिप्शियन कारागिरांनी काम थांबवलं, तेव्हा कपडे नाहीत, मासे नाहीत, भाजी नाही या तक्रारींबरोबर अंगाला लावायचं तेल नाही हीसुद्धा तक्रार होती. कोरड्या, तापत्या हवेत राबणाऱ्यांसाठी ते शिध्यातच मोडत होतं.

साधारण त्याच सुमारास, इ.स.पू. 1200 च्या आसपास, ग्रीसमधला पायलोसचा राजवाडा जळाला. आगीत तिथल्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या आणि म्हणून टिकल्या. इंग्लंडच्या मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये त्या पाट्यांवरची लिपी उलगडली, तेव्हा त्यात सुगंधी तेल उकळणाऱ्या कारागिराला दिलेला माल सापडला: धने, नागरमोथ्याच्या जातीची वनस्पती, वाइन, मध, लोकर. इतर पाट्यांवर गुलाबाच्या आणि सेज या सुगंधी वनस्पतीच्या तेलाचेही उल्लेख आहेत. म्हणजे हा राजवाड्याच्या देखरेखीखालचा, वजनमापात नोंदला जाणारा धंदा होता.

पद्धतीचा पहिला विचारपूर्वक खुलासा मिळतो तो ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसकडे. कोणतं तेल गंध चांगला धरतं, तेलाला आधी तुरट वनस्पतींचा संस्कार का द्यायचा, यावर तो तपशिलात लिहितो. भांडं थेट आगीवर न ठेवता पाण्यात ठेवून तापवा, हेही तो सांगतो. आजचा डबल बॉयलर दुसरं काय आहे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची गुलाबतेलाची कृती तर वाचण्यासारखी आहे. आधी सुगंधी गवत ठेचून तेलात उकळायचं, तेल गाळून त्यात हजार गुलाबांच्या पाकळ्या घालायच्या, हाताला मध लावून त्या हलक्या हाताने कुस्करायच्या, रात्रभर ठेवून पिळायच्या. मग त्याच तेलात पुन्हा ताजे गुलाब. पण ते गुलाब भिजलेले नसावेत, अशी त्याची अट आहे. जंतू म्हणजे काय हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ओल्या फुलांनी तेल बिघडतं हे मात्र अनुभवाने कळलं होतं.

भारतीय वैद्यकाने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आणि मला हा उपाय सर्वांत चलाख वाटतो. इथे पाणी टाळलं नाही, मुद्दाम घातलं. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथातलं सर्वसाधारण प्रमाण असं: कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा गोळा) 1 भाग, तेल 4 भाग, द्रव 16 भाग. इतकं पाणी कशाला? ते असेपर्यंत भांड्यातलं तापमान 100 अंशांच्या आसपास राहतं, वनस्पती करपत नाही. पण शेवटी ते पूर्ण आटलंच पाहिजे, म्हणून परीक्षा ठरलेल्या. कल्क बोटांत वळला की दिव्याच्या वातीसारखी वात व्हावी, ती आगीवर धरली तर तडतड आवाज येऊ नये. आवाज आला तर ओल शिल्लक आहे. तेलावर फेस येणं हीही तयार झाल्याची खूण. उपयोगानुसार पाक, म्हणजे किती आटवायचं, तोही वेगळा: अंगाला चोळायच्या तेलासाठी खर (कडक) पाक.

पुढे अत्तराच्या धंद्यात ऊर्ध्वपातनाने आणि नंतर रासायनिक द्रावकांनी मुरवलेल्या तेलांना मागे सारलं. घरगुती वापर टिकला, पण ती कडक शिस्त कुठेतरी सुटली. विसाव्या शतकात ताजा लसूण, ताजी पानं कच्च्या तेलात घालून ठेवण्याची टूम आली आणि पाणी बाटलीत परतलं.

त्याचा परिणाम 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दिसला. तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून 36 जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार, झाला. या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, मातीतून लसणावर येतात. तेल हवा अडवतं, लसूण ओल पुरवतो, आम्लता कमी असते. विष तयार व्हायला याहून सोयीची जागा नाही. वास-चव बदलतेच असं नाही, त्यामुळे हुंगून काही कळत नाही. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तीन जण आजारी पडले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा विकाऊ मिश्रणांत आम्ल किंवा जंतुरोधक घालणं सक्तीचं केलं.

स्वयंपाकाच्या तेलासाठी आज दिला जाणारा सल्ला या घटनांतूनच आलेला आहे: वनस्पती पूर्ण वाळवून घ्या, ताजा लसूण वापरला तर तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. त्वचेच्या तेलात बॉट्युलिझमची भीती तशी नाही, पण ओल्या पाकळ्यांनी बुरशी धरते, म्हणून झेंडूवर्गातलं कॅलेंड्युला सहसा वाळवूनच घालतात. सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती ठळक अपवाद. तिची फुलं ताजीच घेतात, तेव्हाच तेल लालभडक होतं. मग तळाशी साचलेलं पाणी टाकून वरचं तेल निथळून घ्यावं लागतं.