नेतृत्व अभ्यास

नेतृत्व अभ्यास : नेतृत्व कसे निर्माण होते, ते कोणत्या परिस्थितीत प्रभावी ठरते आणि अनुयायी ते का स्वीकारतात, यांचा शास्त्रीय विचार करणारी आणि त्याचबरोबर विद्यार्थ्यांच्या अंगी नेतृत्वक्षमता बाणवू पाहणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, नीतिशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या सर्वांकडून तिने उसनवारी केलेली आहे. बहुतेक विद्यापीठांत हा विषय व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र किंवा लोकप्रशासन या विभागांच्या छत्राखाली शिकवला जातो. केवळ त्यालाच वाहिलेल्या संस्था थोड्या असून, अमेरिकेतील रिचमंड विद्यापीठात १९९२ मध्ये सुरू झालेले जेप्सन स्कूल हे त्यांपैकी पदवी स्तरावरचे आद्य उदाहरण मानले जाते.

इतिहास हा थोर पुरुषांच्या कर्तृत्वाने घडतो, हे टॉमस कार्लाइल याचे एकोणिसाव्या शतकातील मत अभ्यासक्रमांत सहसा पहिल्याच तासाला येते, ते बहुधा खोडून काढण्यासाठीच. समाजच थोर पुरुषाला घडवतो, असा प्रतिवाद हर्बर्ट स्पेन्सरने त्याच शतकात केला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधकांनी नेत्यांची बुद्धिमत्ता, उंची, आत्मविश्वास, वक्तृत्व असे गुण मोजून पाहिले; परंतु राल्फ स्टॉगडिल याने १९४८ मध्ये अशा शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा, केवळ काही ठरावीक गुण अंगी असल्यामुळे कोणी नेता होत नाही, ते गुण अनुयायांच्या गरजांशी व उद्दिष्टांशी जुळावे लागतात, असा निष्कर्ष त्याला काढावा लागला. गुणविशेषांचा विचार त्यामुळे संपला नाही, पण त्याची मक्तेदारी संपली.

तत्पूर्वीच, १९३९ मध्ये, कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी आयोवा येथील आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. दहा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे गट मुखवटे बनवण्यासारखी हस्तकामे करत आणि प्रत्येक गटाचा प्रौढ प्रमुख ठरवून दिलेल्या शैलीने वागे. हुकूमशाही शैलीच्या गटांत काही ठिकाणी मुले आपापसांत भांडू लागली, तर काही ठिकाणी मान खाली घालून निमूटपणे काम करत राहिली. मात्र प्रमुख खोलीबाहेर गेला की कामाचा वेग झपाट्याने उतरे. लोकशाही शैलीच्या गटांत प्रमुखाच्या अनुपस्थितीत फारसा फरक पडत नसे. तिसरी, म्हणजे मुलांना पूर्णपणे मोकळे सोडण्याची शैली मूळ आराखड्यात नव्हती. लोकशाही पद्धतीने वागू पाहणाऱ्या एका प्रमुखाचे वर्तन प्रत्यक्षात वेगळेच असल्याचे दिसल्यावर तिचा स्वतंत्र विचार झाला. गट लहान, कालावधी थोडा आणि सहभागी केवळ मुलगे, या मर्यादा असूनही हा प्रयोग आजही शिकवला जातो, कारण प्रमुख कोण आहे याऐवजी तो काय करतो, इकडे त्याने अभ्यासकांचे लक्ष वळवले.

फ्रेड फीडलर याने १९६० च्या दशकात परिस्थितीचा, म्हणजे कोणत्या परिस्थितीत कोणत्या प्रकारचा नेता प्रभावी ठरतो हा, प्रश्न ऐरणीवर आणला. ज्या सहकाऱ्याबरोबर काम करणे सर्वांत अवघड गेले, त्याचे वर्णन नेत्याने परस्परविरोधी विशेषणांच्या मापपट्टीवर करावे, अशी नेत्याचा प्रकार ठरवण्याची त्याची चाचणी होती. नावडत्या माणसालाही जो बरे गुण देतो, तो संबंधांना महत्त्व देणारा, असे तिचे गृहीतक. ही चाचणी नेमके काय मोजते यावर मात्र कायम वाद राहिला. पुढे जेम्स मॅकग्रेगर बर्न्स याने १९७८ मध्ये देवाणघेवाणीवर आधारलेले नेतृत्व आणि नेता व अनुयायी या दोघांचीही नैतिक पातळी उंचावणारे परिवर्तनशील नेतृत्व असा भेद केला, आणि बर्नार्ड बास याने १९८५ मध्ये तो संघटनांना लागू करून मोजण्याजोगा केला. या मोजमापात बर्न्सचा नैतिक आग्रह बराच पातळ झाला, ही टीका रास्त आहे.

अध्यापनाची अडचण अशी की सिद्धांत पाठ करता येतात, पण त्यांचा वापर तसा शिकवता येत नाही. म्हणून प्रकरण-अभ्यास, भूमिकानाट्य, समाजात राहून केलेले प्रकल्प आणि चिंतनपर दैनंदिनी यांचा आधार घेतला जातो. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये रोनाल्ड हायफेट्झ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तर वर्ग हेच प्रकरण असते. प्राध्यापक अपेक्षित सूचना देण्याचे टाळतात, वर्गात अस्वस्थता पसरते, कोणीतरी पुढाकार घेते, इतर त्याला साथ देतात किंवा आडवे येतात आणि मग त्याच घडामोडींची चिकित्सा केली जाते. अधिकारपद आणि नेतृत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्याख्यानापेक्षा अशा तासाला अधिक ठसते. पण अशा सहभागाला गुण कसे द्यायचे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

या ज्ञानशाखेवरचा सर्वांत मूलगामी आक्षेप तिच्या आतूनच आला. जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की संस्थेचे फार भले किंवा फार वाईट झाले की लोक त्याचे श्रेय किंवा खापर नेत्यावर टाकतात, मग खरी कारणे बाजारस्थितीसारखी त्याच्या हाताबाहेरची असली तरीही. नेत्याविषयीच्या प्रश्नावल्या बहुधा त्याचे कनिष्ठ सहकारीच भरतात आणि संस्थेला यश मिळाल्याचे ठाऊक असले की त्यांना आपला प्रमुख अधिक दूरदर्शी वाटू लागतो. त्यामुळे या पद्धतीने जमवलेल्या निष्कर्षांकडे विद्यार्थ्यांना साशंकतेने पाहायला शिकवावे लागते. अनुयायित्व आणि घातक नेतृत्व या विषयांना अलीकडच्या अभ्यासक्रमांत जागा मिळू लागली आहे, त्यामागे हीच टीका काही अंशी कारणीभूत आहे.